कुर्लीची राहिलेली पानं

रुपाली गेली तेव्हा मी तिच्या उशाशीच होतो, त्यामुळे ते कुणी येऊन मला सांगायची गरज पडली नाही. पण तिच्याबरोबर आणखी काय गेलं ते मला शाळेत कळलं, जुलैतल्या एका शनिवारी, पालकसभेच्या दिवशी. पहिलीच्या वर्गातल्या बुटक्या बाकावर मी गुडघे वर घेऊन बसलो होतो. समोर ऋता टीचर होत्या. वयाने लहान, नागपूरकडच्या, बोलायला गोड. त्यांनी मनवाची चित्रं दाखवली, गणित बरं आहे म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणला. "मनवाचे बाबा, वाईट वाटून घेऊ नका हं. पण तिला वाचता येत नाही." मी म्हटलं, "असं कसं? आई रोज वाचायची तिच्याबरोबर." "तेच तर. पुस्तक छान धरते, बोट छान फिरवते. पण लिहिलेलं एक आणि म्हणते भलतंच. चित्र बघून आपल्या मनाचं सांगते. आणि दोन-तीन शब्द झाले की थांबते. बहुतेक पुढचं आठवत नसावं." त्यांनी चित्रं गोळा केली. "गणपतीच्या सुट्टीआधी तोंडी परीक्षा आहे. तोवर घरी बसवा तिला. नाहीतर मग उजळणीच्या तासाला पाठवावं लागेल." मी मान हलवली. बाकावरून उठताना माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि मी दाराच्या चौकटीला धरून थोडा वेळ उभा राहिलो. टीचरना वाटलं माझ्या मनाला फार लागलं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

घरी येताना मनवा माझं बोट धरून चालत होती आणि तिच्या मैत्रिणीच्या, वैदेहीच्या, हलणाऱ्या दाताबद्दल सांगत होती. मी हं हं करत होतो. माझ्या डोक्यात रुपालीचं ते शेवटचं वर्ष फिरत होतं. त्या वर्षात आम्ही जे जे हाती घेतलं ते अर्धवट राहिलं. औषधं बदलली, डॉक्टर बदलले, गावाला जायचं ठरवून रद्द केलं. एकच गोष्ट रोज नीट चालली होती, ती म्हणजे त्या दोघींचं वाचन. मी एसी दुरुस्तीच्या कामावर जातो, लोअर परळला एका ऑफिसच्या इमारतीत. संध्याकाळी यायचो तेव्हा नखांत फिल्टरची धूळ असायची. आधी मोरीत हात घासायचो, आणि पाण्याच्या आवाजामागून मला खोलीतली त्यांची कुजबुज ऐकू यायची. शब्द कळायचे नाहीत. नुसता एक मोठा आवाज आणि एक छोटा आवाज, मागे-पुढे. मी नळ मुद्दाम थोडा वेळ चालू ठेवायचो, कारण मी बाहेर आलो की मनवा उडी मारून माझ्याकडे यायची आणि ते थांबायचं. स्मशानातून परत आल्यावरसुद्धा मी मनाला हेच सांगितलं होतं, की निदान पोरीला वाचायला शिकवून गेली. आता टीचर म्हणत होत्या की तेही राहिलंच.

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी कपाटावरून ते पुस्तक काढलं. खेकड्याची गोष्ट आहे. रुपालीने दादरला स्टेशनबाहेर एका पुस्तकवाल्याकडून आणलेलं, एका कोपऱ्यावर चहाचा डाग असलेलं. आत दोन-अडीच ओळी प्रत्येक पानावर आणि वर मोठं चित्र. मधल्या एका पानात रुपालीची केसांची चपटी निळी क्लिप अडकवलेली होती. तिथपर्यंत वाचून झालं होतं. केस गेल्यावर तिला क्लिपा लागायच्या नाहीत, म्हणून त्या सगळ्या अशाच कशाकशाला लागल्या होत्या, बिस्किटांच्या पुड्याला, पडद्याला, पुस्तकाला. मी पहिलं पान उघडलं. छापलं होतं, 'एक होता खेकडा. त्याचं घर वाळूत होतं. भरती आली आणि घर वाहून गेलं.' मनवाने बोट ठेवलं आणि वाचायला लागली. "एक होती कुर्ली. तिचा घर... रेवेत होता. भरती इली... नि घर व्हावान गेला." मी ऐकतच राहिलो. आवाज मनवाचा होता पण बाकी सगळं रुपालीचं. ती मालवणी बोलायची मनवाशी, हे काही मला नवीन नव्हतं. ती कुडाळजवळच्या गावची, मी जुन्नरकडचा. माझ्याशी बोलताना ती मुंबईची व्हायची आणि पोरीकडे वळली की तिच्या गावची. पण पुस्तकसुद्धा ती मालवणीत वाचत होती हे मला नळाच्या आवाजात कधी कळलं नव्हतं.

आणि ते थांबणं. टीचर म्हणाल्या होत्या की पुढचं आठवत नाही म्हणून थांबते. मी मनवाला विचारलं, "इथे का थांबलीस?" ती म्हणाली, "इथे थांबायचं असतं." मग तिने पुढचा शब्द वाचायच्या आधी तोंडाने हळूच हवा आत घेतली. ते बघून मला उठून गॅलरीत जावं लागलं. शेवटी शेवटी रुपालीला दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागायचा. खिडकीजवळच्या पलंगावर ती पाठीला दोन उशा लावून बसायची आणि मनवा तिच्या कुशीत. पोरीला वाटलं होतं वाचन असंच असतं. थोडं बोलायचं, हवा घ्यायची, मग पुढे. आमची इमारत चाळ पाडून झालेली, सतराव्या मजल्यावर वारा चांगला येतो. मी खाली लालबागच्या गणपतींच्या कारखान्यांची प्लास्टिकची छतं बघत उभा राहिलो. मागून मनवा म्हणाली, "बाबा, झालं का तुझं? मी थांबलेय." मी आत आलो. मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटत होत्या. एक, की हे असंच रोज ऐकत बसावं. दुसरी, की टीचरचं बरोबर आहे, पोरीचं पाठ आहे सगळं. हे वाचन नव्हे. रुपालीने तिला गोष्ट दिली, अक्षरं द्यायची राहिली.

मग मीच वाचून दाखवायला लागलो, छापल्याप्रमाणे. खेकडा म्हटलं की मनवा मान फिरवायची. "ती बाई आहे. कुर्ली आहे." "अगं, इथे खेकडा लिहिलंय." "मग काय झालं?" चार दिवसांनी मी शेजारच्या चंपाताईंना बोलावलं. त्या वेंगुर्ल्याच्या, आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं मालवणी बोलणाऱ्या. रुपाली गेल्यापासून आठवड्यातून एकदा माशाचं कालवण वाटीभर आणून देतात आणि वाटी परत मागायला येऊन तासभर बसतात. मी त्यांना म्हटलं, "ताई, हे जरा तुमच्या भाषेत वाचून दाखवा हिला." त्या हसायला लागल्या. "हाड मेल्या! पुस्तक काय मालवणीत वाचतत? पुस्तक पुस्तकासारख्याच वाचूचा." "अहो, रुपाली वाचायची." "ती वाचायची? माका कधी बोलली नाय ती." मग चष्मा लावला, घसा साफ केला, आणि आयुष्यभर मालवणीत भांडलेली ती बाई एकदम बातम्या दिल्यासारखी सुरू झाली. "एक. होता. खेकडा." मनवाने दोन्ही हातांनी पुस्तक मिटलं. "ह्या ता नाय." "अगो चेडवा, लिवलेला हा तसाच वाचतंय मी!" "तुका येणा नाय." चंपाताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, सहा वर्साचा पोर माका शिकवता." त्या हसत हसत गेल्या पण मला कळून चुकलं की लालबाग-परळमध्ये मालवणी बोलणारी माणसं पाहिजे तेवढी मिळतील, पुस्तक हातात घेऊन असं वाचणारं कुणी मिळणार नाही. ते रुपालीचं एकटीचं होतं.

का करत होती ती असं, हे मला एकदा तिने सांगितलं होतं, आणि मी ते विसरूनही गेलो होतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. आम्ही वरळीला समुद्रावर बसलो होतो. ती म्हणाली, शाळेत मी घडाघड वाचायचे, बाई शाबासकी द्यायच्या, पण मला एक अक्षर कळायचं नाही. पुस्तकातली माणसं आमच्या घरातल्यांसारखी बोलायचीच नाहीत. मला वाटायचं पुस्तकात राहणारी माणसं वेगळी असतात, ती आपल्याकडे येत नाहीत. "मग कधी कळायला लागलं?" मी विचारलं. "तिसरीत. आवस, माझी आई, म्हणाली, काय वाचलंस ता माका सांग. तिका वाचता येत नव्हता. तिला सांगताना मला कळायला लागलं." एवढं बोलून तिने माझ्या हातातले शेंगदाणे घेतले आणि म्हणाली, "तुमचं बरं आहे ओ घाटावरच्यांचं, तुमचं घर आणि पुस्तक एकच बोलतं." मी म्हटलं होतं, आमच्या घरात कुणी बोलतच नाही. त्यावर ती इतकी हसली होती की पलीकडच्या माणसाने वळून बघितलं.

रविवारी मी मनवाला घेऊन मसाला दळायला बाजारात गेलो. रुपाली जायची तेव्हा ती पोरीला दुकानांच्या पाट्यांसमोर उभं करायची, मिरच्यांच्या ढिगात खोचलेली पुठ्ठ्यांवरची नावं वाचायला लावायची. मला ती सवय नाही. मी सरळ जातो आणि सरळ येतो. येताना गल्लीतून शॉर्टकट घेतला. तिथे मूर्तींचा एक मोठा कारखाना आहे. बांबूंवर प्लास्टिक टाकलेलं, आत पांढरे गणपती रांगेने उभे, काहींच्या अंगावर नुकता रंग चढलेला. दारात एक पुठ्ठा सुतळीने टांगला होता. कुणीतरी ब्रशने, आदल्या दिवशीच लिहिलेलं असावं, कारण अक्षरांचे ओघळ ताजे होते. 'आत येऊ नये. रंग ओला आहे.' चित्र नव्हतं. मनवा तिथे थांबली. मी दोन पावलं पुढे गेलो होतो. मागून तिचा आवाज आला. "भुतूर येव नको." मग हवा घेतली. "रंग वलो आसा." मी वळलो. ती पुठ्ठ्याकडे बघत होती. मी विचारलं, "काय म्हणालीस?" तिला वाटलं मी रागावलो. "मी नाय गेले आत. त्यात लिहिलंय ना तसं." मी म्हटलं, "कुठे लिहिलंय? दाखव." तिने बोट वर केलं आणि एकेका शब्दाखाली फिरवलं. "आत" या अक्षरांखाली बोट ठेवून ती म्हणाली, "भुतूर." "ओला"खाली बोट ठेवून म्हणाली, "वलो." आतून एक कारागीर, अंगभर गुलाबी रंग उडालेला, ओरडला, "काय पायजे काका? मूर्ती बुक करायचीय?" मी तिथेच खाली बसलो आणि मसाल्याची पिशवी मांडीवर घेतली. पोरीला वाचता येत होतं. चित्र बघून ती सांगत नव्हती, पाठ म्हणत नव्हती. अक्षर बघायची, त्याचा अर्थ घ्यायची, आणि तो आईच्या बोलण्यात सांगायची. माझ्याशी ती माझ्यासारखी बोलते, वैदेहीशी वैदेहीसारखी. पण छापलेल्या अक्षरांत तिच्या लेखी आईच बोलत होती, आणि आई अशीच बोलते. "बाबा, लोक बघतायत," मनवा म्हणाली. "ऊठ ना."

सोमवारी शाळेच्या दारात मी टीचरना सगळं सांगितलं. त्यांनी मनवाला आत नेलं, पुस्तकाचं न शिकवलेलं पान काढलं, चित्रावर डस्टर ठेवलं. मी खिडकीतून बघत होतो. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या, हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "अहो, ही तर वाचून वर भाषांतर करते! मला काय माहीत, मला मालवणी कुठे येते. मला वाटलं कायतरी बडबडते." मग परत टीचर झाल्या. "पण बाबा, परीक्षेला दुसऱ्या शाळेच्या मॅडम येतात. त्यांना पुस्तकात आहे तेच लागतं. ही सवय तेवढी मोडा घरी. पटकन मोडेल, हुशार आहे ती."

सवय मोडा. दिवसभर कामावर शिडीवर उभा राहून मी तेच ऐकत होतो. त्यांचं चुकत नव्हतं. पोरगी उजळणीच्या तासाला बसली असती तर तिचं तिलाच वाटलं असतं की आपल्याला काही येत नाही. पण ती सवय म्हणजे रुपाली होती, आणि ती मी माझ्या हाताने मोडायची होती. घरात तिचं बाकी काय होतं? साड्या तिच्या बहिणीने नेल्या, मीच ने म्हटलं. फोनमध्ये फोटो आहेत, पण त्यात ती गप्प असते.

आम्ही शाळेचं पुस्तक घेऊन बसलो. "गेलो नाही मनवा, गेला." "गेला," ती म्हणाली. दुसरी ओळ. "इली नाही, आली." "आली." मग तिने बोट काढून घेतलं. "बाबा, आई चुकीचं वाचायची?" ती हे विचारणार हे मला माहीत असायला हवं होतं. मी म्हटलं, "नाही. आई बरोबर वाचायची." "मग?" "शाळेत शाळेसारखं वाचायचं." तिने विचार केला. पेन्सिल तोंडात घातली, काढली. "आई शाळेत येणार नाही ना. मग शाळेतलं तू म्हणशील तसं." एवढ्यावर तिचा प्रश्न मिटला. त्यानंतर ती छापल्याप्रमाणे वाचायला लागली, भरभर, एका दमात. परीक्षा झाली. टीचरनी मला दारातच अंगठा दाखवला. मनवाला पेढे आणले, चंपाताईंनाही दिले, त्या म्हणाल्या, "आता झाला मां मनासारखा? मग तोंड कित्याक असा?" मी म्हटलं, काही नाही, दमलोय.

शाळेसारखं वाचताना मनवा कुठेच थांबत नव्हती. हवा घेत नव्हती. मी कान देऊन ऐकायचो, आता थांबेल, आता थांबेल, आणि पान संपायचं. खेकड्याचं पुस्तक तिने बरेच दिवस मागितलं नव्हतं. मीही काढत नव्हतो. मला भीती वाटत होती की मी ते उघडीन आणि ती बोट ठेवून म्हणेल, एक होता खेकडा.

गणपतीच्या सुट्टीत एका दुपारी घरात दोघंच होतो. खाली ढोल वाजत होते. मी पुस्तक काढलं आणि तिला वाचायला न सांगता स्वतःच सुरुवात केली. "एक होती कुर्ली," मी म्हणालो. मनवाने खेळणं खाली ठेवलं. "तिचं घर..." "तिचा," मनवा म्हणाली. "तिचा घर वाळूत..." "रेवेत!" "तिचा घर रेवेत होतं." "होता, बाबा! तुका येणा नाय! परत म्हण." मी परत म्हटलं. ती सरकून माझ्या मांडीवर आली आणि पाठ माझ्या छातीला टेकवली, पलंगावर बसायची तशी. "भरती आली..." "इली." "भरती इली आणि..." तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "इथे थांब." मी थांबलो. तिने हवा घेतली, मीही घेतली. "हां. आता म्हण." असं करत करत आम्ही पानं उलटली. माझ्या प्रत्येक चुकीला ती खदखदून हसत होती आणि दुरुस्त करताना तिचा आवाज रुपालीचा होत होता. काही मोडलं नव्हतं. तिने ते नीट घडी करून बाजूला ठेवलं होतं, घरी वापरायला.

क्लिपेच्या पानावर आलो. चित्रात रात्र आहे, वाळूवर एक होडी ओढून ठेवलेली, आणि कुर्ली तिच्याकडे बघतेय. ती ओळ मी कशीबशी वाचली. मग विचारलं, "उलटू पान?" "नको." "का गं?" "ती आईची आहेत. पुढची." "मग ती कोण वाचणार?" तिने मान वर करून माझ्याकडे उलटं बघितलं. चांगला विचार केला. "तू," ती म्हणाली. "तुका वाचूक इला की मगे."

तेव्हापासून मी शिकतोय. शिडीवर चढलो की तोंडातल्या तोंडात म्हणतो, इली, गेली, खय, थय. माझा जोडीदार जगदीश खाली शिडी धरून उभा असतो. तो म्हणतो, "काय रे धन्या, मच्छी विकायला बसतोस काय आता?" चंपाताई वाटी न्यायला येतात तेव्हा त्यांच्याशी मालवणीतच बोलायचा प्रयत्न करतो आणि त्या पदर तोंडाला लावून हसतात. मनवा रोज मला पहिल्या पानापासून वाचायला लावते, आणि क्लिपेपाशी आलो की डोकं हलवते. अजून नाही. रेवेतचं मला जमतं, पण होता आणि होतं यांत मी अजून घसरतो, आणि थांबायच्या जागा चुकतात. पुढचं पान मी एकट्यानेही उघडून बघितलेलं नाही.

क्लिप तिथेच आहे. कुर्ली होडीपाशी आली आहे, आणि पुढची पानं वाचायची राहिली आहेत.